खुर्चीत तपासलेला दम

दिनांक : २ मे २०२५
मौजे खडकवाडे, ता. पारनेर, जि. अहिल्यानगर

प्रति,
मा. निवड अधिकारी,
ग्रामीण धावपटू निवासी केंद्र, प्रवेश समिती,
जिल्हा कार्यालय, अहिल्यानगर.

विषय : कु. अल्मास गनी तांबोळी (वय १५, इयत्ता नववी) हिला दि. ६ मे रोजीच्या अंतिम चाचणीत इनहेलर जवळ ठेवून धावू देणेबाबत. तसेच तिचा दम खुर्चीवर बसवून तपासल्याचा जाब विचारणेबाबत.

संदर्भ : १) आपले आदेशपत्र दि. २१ एप्रिल.
२) अर्जदाराचे अर्ज दि. २२, २५ व २८ एप्रिल.
३) आपले पत्र दि. ३० एप्रिल, ज्यात उत्तर सोडून बाकी सगळे आहे.

महोदय,

१. आपण तपासणी न करता तपासणीच्या कागदावर सही केली आहे. जी मुलगी धावली की तिचा श्वास अडतो, तिला आपण गार खोलीत, गादीच्या खुर्चीवर, पंख्याखाली बसवले, "श्वास घे, सोड" म्हणालात, आणि "श्वसनविकार आढळला नाही" असे लिहून चहा प्यायला गेलात. असेच तपासायचे होते तर मुलीला बोलावले कशाला? तिचा फोटो मागवून त्याला नळी लावली असती तरी निकाल हाच आला असता, आणि मुलीचा एक दिवस वाचला असता. हे स्पष्ट लिहिल्याबद्दल आपणास राग येईल. येऊ द्यावा. अदबीने लिहिलेले तीन अर्ज आपल्या कार्यालयात धूळ खात आहेत, त्या अदबीचे काय झाले ते अर्जदाराने पाहिले आहे.

२. अर्जदार गनी हुसेन तांबोळी यास फाट्यावर सगळे गनीभाई म्हणतात. गेली एकतीस वर्षे तो पंक्चर काढतो. शाळा सातवीपर्यंत. पुढचे शिक्षण रद्दीवर झाले. हात पुसायला किलोने आणलेल्या रद्दीत सरकारी परिपत्रके निघत. आधी वाचायची, मग हात पुसायचे, असा त्याचा नेम आहे. त्यामुळे "उपरोक्त" आणि "सबब" हे शब्द त्याला येतात, आणि त्या शब्दांच्या आड साहेब कसा दडून बसतो तेही त्याला माहीत आहे. अर्ज कोणी लिहून दिला अशी चौकशी आपल्या कार्यालयात झाल्याचे समजते. कोणी लिहून दिलेला नाही. चौकशीत वेळ घालवू नये.

३. अल्मास ही अर्जदाराची धाकटी मुलगी. तिला चालणे ठाऊक नाही. दुकानावर डबा आणायचा तरी धावत, विसरलेले झाकण आणायला परत जायचे तरी धावत. वस्तीपासून फाट्यापर्यंत दीड किलोमीटर मुरमाचा रस्ता आहे. त्यावर ती रोज सकाळी सुकन्याबरोबर पळते. सुकन्या ही शेजारच्या राधाकृष्ण औटी यांची मुलगी, तिच्याच वर्गातली. पळण्यात अल्मासच्या मागे आणि बोलण्यात तिच्या पुढे. पावसाळ्यात आणि थंडीत दोघी पळाल्या तेव्हा काही झाले नाही. फेब्रुवारीचा मध्य उलटला, वारा कोरडा झाला, रस्त्यावरचा फुफाटा गुडघ्यापर्यंत उडू लागला, आणि अल्मासला खोकला धरला. पळताना नव्हे. पळून थांबल्यावर. थांबली की चार-पाच मिनिटांनी छाती आवळायची, श्वासाबरोबर आतून शिट्टीसारखा आवाज यायचा, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी आपोआप सुटायचे. त्यामुळे ज्याने पळताना पाहिले तो म्हणे पोरगी घोड्यासारखी आहे, आणि ज्याने नंतर पाहिले तो म्हणे पोरगी नाटकी आहे.

४. सल्ल्याला आपल्या जिल्ह्यात कधी दुष्काळ पडत नाही. कोणी म्हणाले कैरी बंद करा, कोणी म्हणाले दही. कोणी शेरभर गूळ पाठवला. शाळेचे क्रीडाशिक्षक अंगद सर भले माणूस, पण त्यांनीही मार्चमध्ये ठरवून टाकले की हा रोज्यांचा परिणाम आहे, ईद झाली की मुलगी ठीक होईल. रोजे मार्चमध्ये लागले आणि खोकला फेब्रुवारीतला, हा हिशोब त्यांच्या ध्यानात आला नाही. अर्जदाराची आई हाजराबी हिने मात्र त्यांना दारातच अडवले. ती म्हणाली, "रोजा पोटाचा असतो सर, छातीचा न्हाई. म्या साठ वर्सं रोजं धरलं, माजी छाती कदी शिट्टी वाजवीत बसली न्हाई." सर हसले आणि गेले. ईद झाली, शीरखुर्मा झाला, शिट्टी तशीच राहिली.

५. या कामी अर्जदार स्वतःही दोषी आहे आणि ते तो दडवत नाही. रोजे सुरू होण्याआधीची, फेब्रुवारीतली गोष्ट. अल्मास डबा घेऊन धावत आली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकली आणि बोलेना. दुकानात दोन गिऱ्हाइके उभी होती. अर्जदार त्यांच्यासमोर म्हणाला, "नाटक बंद कर आन् डबा ठेव." तिने डबा ठेवला. पाण्याच्या टबाशेजारी फरशीवर बसली. अर्जदाराने एक चाक खोलले, ट्यूब काढली, तपासली, ठिगळ लावले, चाक बसवले, तरी तिचे तोंड उघडेच होते आणि खांदे वर-खाली होत होते. शेवटी गिऱ्हाईकच म्हणाले की गनीभाई, पोरीच्या ओठांकडे बघा. ओठांना रंग नव्हता. ज्या माणसाला ट्रकच्या आवाजावरून कुठल्या चाकात हवा कमी आहे ते कळते, त्याला पोटच्या मुलीचे हाताच्या अंतरावरचे कळले नाही. ही चूक अर्जदाराकडून अज्ञानाने झाली. आपल्याकडून ती लेटरहेडवर झाली.

६. दि. ३ एप्रिल रोजी अर्जदार मुलीला घेऊन संगमनेरला त्याच्या बहिणीकडे गेला आणि तेथील डॉ. अश्विनी कानवडे यांना दाखवले. त्यांनी काय केले ते आपण लक्ष देऊन वाचावे, कारण ते करायला काही अवघड नव्हते. त्यांनी मुलीला आकडे असलेल्या एका नळीत जोरात फुंकायला लावले. आकडा आला ३८०. मग दवाखान्याच्या मागच्या गल्लीत, दुपारच्या उन्हात, आठ मिनिटे धावायला लावले. एक नर्स बाई घड्याळ घेऊन उभी होती. धावून आल्यावर पाच मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावले : २९०. दहा मिनिटांनी : २७०. मग इनहेलरचे दोन फवारे दिले, थोडा वेळ बसवले, पुन्हा फुंकायला लावले : ३७५. अर्जदाराला औषधातले कळत नाही. आकडा घसरला आणि पुन्हा चढला हे कळते, धंदाच तो आहे.

७. डॉक्टर बाईंनी समजावून सांगितले ते असे. आपण स्वस्थ बसून नाकाने श्वास घेतो तेव्हा हवा आत जाता जाता ओलसर होते. धावताना तोंडाने भराभर घेतली की ती कोरडीच आत जाते आणि श्वासनळ्यांचा ओलावा शोषून नेते. काही मुलांच्या नळ्या यावर चिडतात आणि आवळतात. हवा जेवढी कोरडी आणि धुळीची, तेवढा त्रास जास्त. बसल्या जागी अशी मुले ठणठणीत असतात. आपल्या भागात उन्हाळ्यात अशी किती मुले येतात असे अर्जदाराने विचारले, तर त्या म्हणाल्या, येतात त्यापेक्षा न येणारी जास्त. त्यांना घरचे आळशी म्हणतात आणि मैदानावरून काढून घेतात. पुढे त्यांनी कागदावर लिहून दिले : धावण्याआधी पंधरा मिनिटे इनहेलरचे दोन फवारे, आधी हळू धावून अंग तापवणे, धूळ असेल तर तोंडाला फडके, आणि इनहेलर कायम हाताशी. हे औषध ठरलेल्या मात्रेत मोठमोठ्या स्पर्धांतही चालते, हेही लिहिले. निघताना अर्जदाराने विचारले की धावणे बंद करावे का. त्या म्हणाल्या, "हिचं धावणं बंद करू नका. औषध न घेता धावणं बंद करा." कागदाची प्रत सोबत जोडली आहे. चौथ्यांदा जोडली आहे.

८. आता दि. ९ एप्रिलची तालुका चाचणी. पत्रात वेळ सकाळी सातची. मुले साडेसहाला हजर. अल्मासने पावणेसातला औषध घेतले, हळू धावून अंग तापवले, तोंडाला ओढणी बांधली. सात वाजले, आठ वाजले, नऊ वाजले. विचारले तर समजले की पाहुणे आल्याशिवाय नारळ फुटणार नाही आणि नारळ फुटल्याशिवाय शिट्टी वाजणार नाही. पाहुणे म्हणजे कुठल्याशा संस्थेचे माजी उपाध्यक्ष. माजी झाल्यावरही माणसाला एवढे काम असते हे अर्जदारास त्या दिवशी कळले. ते अकरा चाळीसला आले. सहा गाड्या आल्या आणि सहाही गाड्या फक्कीने आखलेल्या ट्रॅकवरून मंडपापर्यंत गेल्या, साहेबांना चालावे लागू नये म्हणून. पाण्याचा टँकर हजर होता. त्याने मंडपापुढची जागा भिजवली, साहेबांच्या बुटाला धूळ लागू नये म्हणून. धावायच्या जागेवर एक थेंब पडला नाही. ज्यांना बसायचे होते त्यांच्यासाठी पाणी आणि ज्यांना श्वास घ्यायचा होता त्यांच्यासाठी धूळ, अशी ही आपली व्यवस्था.

९. मुलींची पंधराशे मीटर बारा वाजून दहा मिनिटांनी लागली. सकाळचे औषध उतरले होते, म्हणून अल्मासने पुन्हा घ्यायला इनहेलर काढला. आपल्या समितीचे शिपाई छगन तेथे उभे होते. त्यांनी तो हातातून घेतला आणि म्हणाले की मैदानात नशापाणी चालत नाही. मुलीने डॉक्टरांचा कागद दाखवला. छगन यांनी तो उलटा धरून वाचला आणि इनहेलर खिशात टाकला. तोवर "सर्व मुली रेषेवर" अशी हाक आली, आणि अल्मास रेषेवर गेली. त्या उन्हात, त्या फुफाट्यात, औषधाविना, तिने दोनशे मीटरच्या साडेसात फेऱ्या मारल्या. पाच मिनिटे एक्केचाळीस सेकंद. दुसरी आली. सहा मिनिटांच्या आत येणाऱ्या मुली निवडायच्या होत्या, सबब ती निवडली गेली.

१०. आणि मग जे व्हायचे ते झाले. टाळ्या संपल्या, फोटो झाले, पाहुणे भाषणाला उभे राहिले, आणि पाचव्या मिनिटाला अल्मास मंडपाच्या दोराला धरून खाली बसली. सुकन्या छगन यांच्याकडे धावली. छगन म्हणाले की भाषण चालू हाय, मागून या. सुकन्याने मग मागितले नाही, सरळ त्यांच्या खिशात हात घातला आणि इनहेलर काढला. त्याबद्दल तिच्या शाळेला आपले समजपत्र गेले आहे की "सदर विद्यार्थिनीने कर्मचाऱ्याच्या वस्त्रास हात लावला." वस्त्रास लावला हे खरे आहे. त्यामुळे अल्मास त्या दिवशी घरी आली हेही खरे आहे. ते समजपत्रात नाही. ते भाषण अर्जदाराने पूर्ण ऐकले, कारण मुलीला तिथून उठवता येत नव्हते. विषय होता "ग्रामीण मुलींनी आकाशाला गवसणी घालावी."

११. यानंतर दि. १७ रोजी आपण मुलीला जिल्हा कार्यालयात वैद्यकीय तपासणीसाठी बोलावले. अर्जदार दाराशी उभा होता. तपासणी चार मिनिटे चालली, त्यातली दीड मिनिटे नाव लिहिण्यात गेली. मुलगी स्वतः म्हणाली की सर, मला बसून काही होत नाही, मी खाली आवारात पळून येते, मग बघा. त्यावर आपण म्हणालात की येथे कार्यालय आहे, आवारात पळता येत नाही. ज्या समितीच्या नावात "धावपटू" आहे तिच्या आवारात पळायला बंदी आहे, हे अर्जदाराने घरी सांगितले तेव्हा हाजराबीने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

१२. त्यावर दि. २१ चा आपला आदेश आला. तो अर्जदाराने इतक्यांदा वाचला आहे की त्याला तोंडपाठ आहे. एक : मुलीस कोणताही श्वसनविकार नाही, सबब औषधाची गरज नाही. दोन : गरज नसताना औषध मैदानात आणल्यास ते उत्तेजक समजून मुलीस बाद करण्यात येईल. तीन : मुलीस दि. ९ रोजी दम लागल्याचे सर्वांनी पाहिले असल्याने, अंतिम चाचणीत तिला दम लागणार नाही असे हमीपत्र पालकाने स्टॅम्प पेपरवर द्यावे, अन्यथा नाव वगळण्यात येईल. म्हणजे औषध मागितले की मुलगी निरोगी, आणि धावायचे म्हटले की मुलगी आजारी. एकाच पानावर, एकाच सहीने, चार बोटांच्या अंतरावर. हा आदेश टाइप करणाऱ्याचा हातही थांबला नाही आणि सही करणाऱ्याचाही.

१३. अर्जदाराने दि. २२ व २५ रोजी लेखी विचारणा केली. उत्तर आपल्याकडून तोंडी मिळाले, आणि तेही दरवाजातच. पहिला तोडगा असा की मुलीला कायमचा दमा असल्याचे लिहून आणा, दिव्यांग गटातून अर्ज भरा, तिकडे गर्दी कमी असते. हे अर्जदाराने घरी सांगितले. अल्मासचा चेहरा असा झाला की जणू तिला कोणी चोरी करायला सांगितली. ती म्हणाली, "तिथं जिची खरी जागा हाये तिची मी का खाऊ?" पंधरा वर्षांच्या मुलीला जे कळते ते अधिकाऱ्याला कळण्यासाठी किती वर्षांची नोकरी लागते, हे आपण आस्थापना शाखेकडून घेऊन कळवावे.

१४. दुसरा तोडगा त्याहून अचाट. इनहेलर छगन यांच्याकडे जमा करावा. छगन मंडपात बसतील. मुलीला दम लागला तर तिने धावत मंडपापर्यंत यावे, रजिस्टरवर सही करावी आणि औषध घ्यावे. अर्जदाराने विचारले की श्वास घेता येत नसताना धावत कसे यायचे. छगन खासगीत म्हणाले, "आमी काय करनार गनीभाई, वरून तसंच ठरलंय." वरून म्हणजे कुठून, हे मात्र अर्जदाराला आजवर कोणी सांगितलेले नाही. वर नेहमी पंखाच दिसला.

१५. दि. २८ रोजी अर्जदार तिसरा अर्ज घेऊन आला तेव्हा सोबत सायकलची एक जुनी ट्यूब घेऊन आला होता. ती त्याने आपल्या टेबलावर ठेवली आणि अदबीने विनंती केली की साहेब, हिला पंक्चर आहे, ते हवा न भरता शोधून दाखवा. आपण हसलात. त्यात हसण्यासारखे काही नव्हते. फाट्यावरच्या कोणत्याही पोराला ठाऊक असते की रिकाम्या ट्यूबचे पंक्चर सापडत नाही. हवा भरावी लागते, पाण्यात बुडवावी लागते, दाबावी लागते, तेव्हा बुडबुडा येतो. काही पंक्चर तर इतकी बारीक असतात की चाकावर भार पडल्याशिवाय बोलतच नाहीत. गिऱ्हाइकाने चाक आणले आणि अर्जदाराने नुसते बघून "दोष आढळला नाही" म्हणून परत दिले, तर ते गिऱ्हाईक पुढच्या वळणावर पडेल आणि परत येऊन अर्जदाराच्या कानाखाली आवाज काढील. तो त्याचा हक्क आहे. आपल्या धंद्यात गिऱ्हाइकाला हा हक्क नाही, एवढाच आपल्यात आणि अर्जदारात फरक.

१६. त्या ट्यूबला आपल्या कार्यालयाने आवक क्रमांक दिला. दि. ३० चे पत्र अर्जदाराच्या हाती आहे. त्यात लिहिले आहे : "आपण सादर केलेले जोडपत्र (रबरी वस्तू, एक नग) विहित आकारात नसल्याने विचारात घेता येत नाही. तरी ते तीन प्रतींत सादर करावे." मुलीच्या श्वासाबद्दल त्या पत्रात एक ओळ नाही. अर्जदाराने हे पत्र दुकानात लावले आहे. ट्रकवाले वाचतात आणि दुसऱ्या ट्रकवाल्यांना घेऊन येतात. जिल्ह्यात आपल्या कार्यालयाचे एवढे नाव यापूर्वी झाले नसेल.

१७. येथवर हसण्याचे झाले. आता पुढचे.

दि. ६ मे रोजीच्या अंतिम चाचणीचे दोन कागद अर्जदाराकडे आहेत. मुलीला आलेल्या बोलावणेपत्रात वेळ सकाळी सात. गावच्या सरपंचांना आलेल्या निमंत्रणपत्रिकेत मान्यवरांच्या शुभहस्ते उद्घाटन सकाळी अकरा. पाहुणे अकराचे म्हणजे बाराला येणार, तेव्हा पहिली शर्यत साडेबाराच्या आधी लागत नाही, हे सांगायला ज्योतिषी नको. पाऱ्याने चाळिशी गाठली आहे. हवेत इतका कोरडेपणा आहे की सकाळी वाळत घातलेला टॉवेल चहा होईस्तोवर कडक होतो. त्या हवेत, औषधाविना, पंधराशे मीटर. दि. ९ रोजी सुकन्या होती. ती निवडली गेली नाही, आणि निवड न झालेल्या मुलींना अंतिम चाचणीच्या मैदानात प्रवेश नाही, असे आपल्याच पत्रात आहे.

अर्जदाराने ठरवले होते की हमीपत्र द्यायचे नाही, म्हणजे नाव आपोआप वगळले जाईल आणि मुलगी जिवंत घरात राहील. काल, १ मे रोजी, शाळेतले झेंडावंदन आटोपून अल्मास दुकानावर आली. आली ती चालत आली. तिने विचारले की हमीपत्र दिले का. अर्जदार म्हणाला, नाही देणार. ती म्हणाली, "अब्बा, त्यांनी माझं नाव अजून कापलेलं नाही. तुम्ही कापू नका."

निवासी केंद्रात शिकवणारा माणूस आहे, ओली केलेली धावपट्टी आहे, दवाखाना आहे, सकाळी सहाला धावतात. तिथे पोहोचली तर ही मुलगी नीट श्वास घेऊन धावेल; आणि तिथे पोहोचायचे तर आधी श्वासाविना धावून दाखवायचे. अशी अट आपण घातली आहे. मुलीने ती मान्य केली आहे. अर्जदाराने केलेली नाही, परंतु तिच्या आड येण्याचा त्याला अधिकारही उरलेला नाही, कारण फेब्रुवारीत एकदा त्याने तिला नाटकी म्हटले आहे.

१८. सबब अर्जदाराने हमीपत्र केले आहे व ते सोबत स्टॅम्प पेपरवर जोडले आहे. आपल्या नमुन्यात "दम लागणार नाही" असे होते. अर्जदार खोटे लिहून देत नाही. त्याने लिहिले आहे ते असे : "मी, गनी हुसेन तांबोळी, हमी देतो की माझी मुलगी अल्मास दि. ६ मे रोजी भर दुपारी कोरड्या धुळीत औषधाविना धावल्यास सहा मिनिटांच्या आत शर्यत पूर्ण करील, आणि थांबल्यापासून पाचव्या मिनिटाला तिचा श्वास अडेल." एकतीस वर्षांत अर्जदाराने दिलेली एकही हमी खोटी ठरलेली नाही. आपणास हमी पाहिजे होती. ही घ्या.

१९. अर्जदाराच्या मागण्या आपण जमेल तशा टाळालच, तरी नोंद असावी म्हणून लिहितो. मुलीला इनहेलर मुठीत ठेवून धावू द्यावे. शर्यत कागदावरच्या वेळी घ्यावी. पाहुण्यांसाठी थांबायचेच असेल तर खरी वेळ आदल्या दिवशी सांगावी, म्हणजे औषध त्या हिशोबाने घेता येईल. टँकर आधी ट्रॅकवर फिरवावा, उरलेल्या पाण्यात मंडप भिजवावा. आणि तपासायचेच असेल तर मुलीला धावल्यावर तपासावे, नळीत फुंकायला लावून, घड्याळ लावून, दोन वेळा. ती नळी आपल्या कार्यालयात नसेल तर डॉक्टर बाई आपली द्यायला तयार आहेत. तीन प्रतींत मिळणार नाही.

२०. यातले काहीच जमणार नसेल, तर एकच गोष्ट कळवावी. शर्यत संपल्यावर अल्मास रेषेपलीकडे थांबेल. आपण सगळे मंडपाकडे वळाल. तिच्या हातात औषध नसेल, शेजारी सुकन्या नसेल, आणि बापाला मैदानाच्या दोरीच्या आत येऊ दिले जाणार नाही. त्या वेळेपासून पुढची दहा मिनिटे तिच्याजवळ समितीतर्फे कोण उभे राहणार आहे? त्याचे नाव, हुद्दा आणि सही, सोमवार दि. ५ मे रोजी सायंकाळी पाचच्या आत लेखी कळवावे. "समिती" असे लिहू नये. समितीला हात नसतात. माणसाचे नाव लिहावे.

आपला,
("नम्र" हा शब्द उत्तर मिळाल्यावर जोडण्यात येईल.)

गनी हुसेन तांबोळी
अर्जदार